ब्रॉयलरच्या मांसात डॉक्सीसायक्लिनची रिकव्हरी ३५ टक्क्यांवरच का अडकते?

टिपूस

ब्रॉयलरच्या छातीच्या मांसात उरलेली अँटिबायोटिक मोजायची आहेत, आणि एकाच एक्स्ट्रॅक्शनमध्ये (मांसातून औषध सॉल्व्हंटमध्ये ओढणं) क्विनोलोन, सल्फा आणि टेट्रासायक्लिन (डॉक्सी याच गटातलं) असे तिन्ही गट बसवायचे आहेत. यंत्र ट्रिपल क्वाड (एलसी-एमएस: कॉलमवर घटक वेगळे करून आयनांच्या वजनावरून ओळखणारं), कॉलम साधा सी-१८. सध्याची पद्धत अशी:

२ ग्रॅम कीमा, ८ मिली पाणी, १ टक्का फॉर्मिक ॲसिड घातलेलं ॲसिटोनायट्राइल १० मिली. ५ मिनिटं हलवून ४ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट आणि १ ग्रॅम मीठ. सेंट्रीफ्यूज. वरच्या थरातले ५ मिली काचेच्या नळीत घेऊन ४५ अंशांवर नायट्रोजनखाली पूर्ण कोरडे करायचे, १ मिली मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणारा द्रव) उचलायचे, गाळायचे आणि इंजेक्ट करायचे.

स्पाइक (मुद्दाम घातलेलं औषध) १०० मायक्रोग्रॅम/किलो. त्यातलं परत मिळालं, म्हणजे रिकव्हरी, ती अशी: एन्रोफ्लॉक्सासिन ८८ टक्के, सिप्रो ७९, सल्फाडिमिडीन ९१. पण डॉक्सी ३५ आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन २२! पाच रेप्लिकेट, पाचही असेच. इंटर्नल स्टँडर्ड (प्रत्येक नमुन्यात ठराविक घालायचा तुलनेचा पदार्थ) सगळ्यांना एकच, एन्रो-डी५ (ड्युटेरियमवालं एन्रो). कॅलिब्रेशन सॉल्व्हंटमध्ये. कुठे गळतंय?

शेपटीवाला_पीक

गळती एका ठिकाणी नाही, निदान तीन ठिकाणी आहे. पण आधी ते ३५ खरोखर रिकव्हरी आहे का ते तपासा. सॉल्व्हंट कॅलिब्रेशनवर काढलेल्या आकड्यात एक्स्ट्रॅक्शनमधलं नुकसान आणि आयनायझेशनमधलं दबणं (मांसातल्या इतर पदार्थांमुळे यंत्राचा सिग्नल कमी होणं), दोन्ही मिसळलेलं असतं.

तीन संच लावा. अ: सॉल्व्हंटमधलं स्टँडर्ड. ब: ब्लँक (औषध नसलेल्या) कोंबडीचा एक्स्ट्रॅक्ट शेवटपर्यंत तयार करून मग त्यात स्पाइक. क: कीम्यातच स्पाइक. समजा एरिया (आलेखातल्या शिखराचं क्षेत्रफळ) अनुक्रमे १००, ५८ आणि ३५ आले. मग ब भागिले अ म्हणजे मॅट्रिक्स इफेक्ट, ५८ टक्के. क भागिले ब म्हणजे खरी रिकव्हरी, ६० टक्के. दोन्ही दुखण्यांवर औषध वेगळं. पहिल्यासाठी मॅट्रिक्स-मॅच्ड कॅलिब्रेशन (ब्लँक मांसाच्या एक्स्ट्रॅक्टमध्ये केलेलं) आणि स्वच्छ एक्स्ट्रॅक्ट, दुसऱ्यासाठी एक्स्ट्रॅक्शनच बदलायचं. हे वेगळं न करता लोक महिनाभर कार्ट्रिज बदलत बसतात.

आणि हे गणित इंटर्नल स्टँडर्डशिवाय, कच्च्या एरियावर करा. एन्रो-डी५ हे डॉक्सीचं दुःख सांगणार नाही. ते एन्रोसोबत येतं, एन्रोसोबत जातं. टेट्रासायक्लिन गटाला डेमेक्लोसायक्लिन वापरा (पूर्वज आयन ४६५ → तुकडा ४४८), नाहीतर ड्युटेरियमवालं डॉक्सी मिळालं तर उत्तम.

उंबराची_काठी

+१, पण मूळ दोषी समोरच उभा आहे: मॅग्नेशियम सल्फेट.

टेट्रासायक्लिनच्या रेणूत कीटो-ईनॉलची जोडी आहे. कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह दिसलं की ती चिमट्यासारखी पकडते. मांसात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आधीच असतं. त्यात तुम्ही चमच्याने आणखी ४ ग्रॅम ओतताय. तयार झालेला कॉम्प्लेक्स पाण्याच्या थरात आणि प्रथिनांच्या चोथ्यात राहतो, ॲसिटोनायट्राइलमध्ये येत नाही. ऑक्सिटेट्रा डॉक्सीपेक्षा जास्त ध्रुवीय, म्हणून तो आणखी मागे राहतो. तुमचे ३५ आणि २२ याच क्रमाने आलेत, बघा. क्विनोलोनही धातू पकडतात, पण आम्लात त्यांची पकड सैल पडते. म्हणून एन्रो वाचला आणि सिप्रो थोडा घसरला.

भाजीपाल्यातल्या कीटकनाशकांची मीठवाली पद्धत मांसाला जशीच्या तशी लावली की हे हमखास होतं. आणि त्यानंतर कोणी पीएसए (अमाइनवाली शोषक) पावडरने क्लीन-अप करणार असेल तर तिथेही थांबा. पीएसए क्विनोलोन आणि टेट्रा दोन्ही धरून ठेवतं. सी-१८ पावडर चालते.

बदल असा करा:

२ ग्रॅम कीमा ५० मिलीच्या पॉलीप्रॉपिलीन नळीत. इंटर्नल स्टँडर्ड टाकून १० ते १५ मिनिटं तसंच मुरू द्या. ०.१ मोलर ईडीटीए (धातू स्वतः पकडून टेट्राला मोकळं ठेवणारं) २ मिली घाला आणि आधी ३० सेकंद व्हॉर्टेक्स करा. मग १ टक्का फॉर्मिकवालं ॲसिटोनायट्राइल ८ मिली, पण एकदम ओतू नका. हळूहळू, नळी हलवत. एकदम ओतलं की प्रथिनांचा गोळा होतो आणि आतल्या मांसापर्यंत सॉल्व्हंट पोचत नाही. नळी उजेडाकडे धरून बघा: ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे, चघळलेल्या च्युइंगमसारखं नाही. गोळा झालाच तर दोन सिरॅमिकचे तुकडे टाकून हलवा.

१० मिनिटं शेक, ४ अंशांवर सेंट्रीफ्यूज. वरचा द्रव दुसऱ्या नळीत, त्यात ५०० मिग्रॅ सी-१८ पावडर आणि ॲसिटोनायट्राइलने आधी संपृक्त केलेलं हेक्झेन ५ मिली. संपृक्त न करता हेक्झेन घातलं तर ते तुमच्याच थरातलं ॲसिटोनायट्राइल ओढतं आणि आकारमानाचा हिशोब चुकतो. पुन्हा सेंट्रीफ्यूज, हेक्झेन फेकून द्या. मीठ कुठेच नाही.

टिपूस

मीठ नाही तर थर वेगळे होणार नाहीत. पाणी राहील, मग वाळवायला किती वेळ?

उंबराची_काठी

थर वेगळे करायचेच नाहीत. आणि पूर्ण कोरडंही करायचं नाही. तुमची तिसरी गळती तिथेच आहे: काचेच्या नळीत कोरडठाक. टेट्रासायक्लिन काचेच्या भिंतीला धरतं, आणि कोरड्या अवस्थेत, उष्णतेत, उजेडात राहिलं की मोडतं. प्लास्टिकच्या नळीत, ४० अंशांपर्यंतच, साधारण ०.५ मिली उरेपर्यंत नायट्रोजन. उरतं ते बहुतेक पाणीच. मग ०.१ टक्का फॉर्मिकच्या पाण्याने १ मिलीची खूण गाठा. नळीवर आधीच १ मिली पाणी घालून मार्करने रेघ मारून ठेवायची, एवढंच. व्हायलसुद्धा पॉलीप्रॉपिलीनची.

शेपटीवाला_पीक

टेट्रासायक्लिन हाच मुख्य विषय असेल तर जुनी मॅक्इल्वेन (सिट्रेट-फॉस्फेट बफर) आणि ईडीटीएची पद्धत अजून भारी आहे. बफरचं माप:

सिट्रिक ॲसिड मोनोहायड्रेट २१ ग्रॅम प्रति लिटर. निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २८.४ ग्रॅम प्रति लिटर. पहिल्याचे १००० मिली आणि दुसऱ्याचे ६२५ मिली एकत्र, पीएच ४.०. त्यात डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ६०.५ ग्रॅम. ईडीटीए सावकाश विरघळतं. घाई करून आम्ल ओतू नका, पीएच खाली गेला की ईडीटीएचं आम्लरूप पांढरं होऊन तळाशी बसतं आणि मग बफरमध्ये ०.१ मोलर काही उरत नाही. बाटलीच्या तळाशी साका दिसला तर बाटली ओतून द्या.

५ ग्रॅम मांस, बफर २०, २० आणि १० मिली असं तीनदा. एकत्र करून गाळा. मग पॉलिमरिक एचएलबी कार्ट्रिज (औषध धरून ठेवणारी शोषक भरलेली नळी): मेथॅनॉल ३ मिली, पाणी ३ मिली, नमुना सेकंदाला एक थेंब या वेगाने, ५ टक्के मेथॅनॉलने धुणं, हवेने कोरडं करणं, मेथॅनॉलने उतरवणं. मांसाचा गाळ नीट काढला नाही तर कार्ट्रिज तुंबतं. मग लोक व्हॅक्यूम वाढवतात, थेंबांची धार होते, आणि रिकव्हरी धारेबरोबर खाली जाते.

एक गोष्ट कॉलमची. डॉक्सी आणि टेट्रासायक्लिन यांचं रेणुसूत्र एकच आहे. दोन्हींचा पूर्वज आयन ४४५. डॉक्सीला ४२८ आणि १५४, टेट्राला ४१० आणि ४२७ बघतात, पण ४२७ आणि ४२८ मध्ये एकाच एककाचं अंतर. यंत्रावर भरवसा ठेवू नका, कॉलमवरच वेगळे करा. सी-१८ वर डॉक्सी सगळ्यात शेवटी येतो. शिखराला शेपूट दिसली तर बहुधा कॉलममधल्या किंवा नळ्यांमधल्या धातूचा प्रताप. पूर्वी यूव्ही डिटेक्टरच्या काळात मोबाइल फेजमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड घालायचे. एमएसमध्ये ते घालू नका, सोर्सवर (आयन बनतात तिथे) मीठ साचतं.

दाणापाणी

धागा वाचतोय, निम्मा डोक्यावरून गेला. पण एक साधा प्रश्न: बाजारातून आणलेली कोंबडी प्रेशर कुकरला तीन शिट्ट्या दिल्या की हे सगळं मरत नाही का? आणि गावरान घेतली तर सुटलो का?

नमुनेदार

मरतात ते जंतू. औषध जंतू नाही. टेट्रासायक्लिन उकळल्याने काही प्रमाणात मोडतं आणि काही रश्श्यात उतरतं, आणि रस्सा आपण ओरपतोच. एन्रोफ्लॉक्सासिन उष्णतेला चांगलंच टिकतं. नायट्रोफ्युरान गटातल्या औषधांचे अवशेष तर प्रथिनांना चिकटलेले असतात, शिट्ट्यांना दाद देत नाहीत.

गावरान की ब्रॉयलर यावर काही ठरत नाही. शेवटचं औषध दिल्यापासून कत्तलीपर्यंत किती दिवस सोडले यावर ठरतं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४ मध्ये दिल्ली परिसरातले ७० नमुने तपासले होते, ४० टक्क्यांत अवशेष सापडले. त्यात डॉक्सी आणि एन्रो दोन्ही होते. टिपूस यांच्या यादीत हे दोन्ही असणं म्हणूनच बरोबर आहे.

ओझरता

इतकं महागडं यंत्र प्रत्येक नमुन्यासाठी कशाला? रोज ५० नमुने आले तर आधी मायक्रोबियल स्क्रीनिंग (जंतू वाढतात का ते बघून केलेली चाळणी) करून संशयितच पुढे पाठवता येतील ना? चार प्लेटची पद्धत अजून कोणी करतं का?

उंबराची_काठी

करतात, आणि मन लावून केली तर कामाची आहे. गोठलेल्या मांसातून ८ मिमीच्या कॉर्क बोअररने दांडी काढायची, तिच्या २ मिमी जाड चकत्या करायच्या आणि चकती गोठलेली असतानाच प्लेटवर ठेवायची. वितळताना सुटणारा रस प्लेटवरच्या जंतू पेरलेल्या अगारमध्ये जिरतो, चाचणी ती तेवढीच. आधी वितळवून ठेवली तर औषध टिश्यू पेपरवर गेलं म्हणून समजा.

बॅसिलस सबटिलिसच्या तीन प्लेट, पीएच ६, ७.२ आणि ८, ३० अंशांवर. चौथी कोक्युरिया रायझोफिला, पीएच ८, ३७ अंशांवर. १८ ते २४ तास. पीएच ६ वर पेनिसिलिन आणि टेट्रा, ७.२ वर सल्फा (त्या अगारमध्ये ट्रायमेथोप्रिम घालावं लागतं, नाहीतर सल्फा दिसतच नाही), ८ वर ॲमिनोग्लायकोसाइड, कोक्युरियावर मॅक्रोलाइड. चकतीच्या कडेपासून वर्तुळ (जंतू न वाढलेली जागा) २ मिमी किंवा जास्त असेल तर संशयित. व्हर्नियरने चार बाजूंनी मोजा. एकाच बाजूला फुगलेलं वर्तुळ असेल तर चकती घसरली आहे.

चुकतं कुठे? अगार जाड ओतला की वर्तुळ लहान होतं. स्पोअर जास्त पडले तरी लहान. म्हणून प्रत्येक बॅचला कागदी डिस्कवर पेनिसिलिन, सल्फाडिमिडीन आणि स्ट्रेप्टोमायसिनचे कंट्रोल लावायचे, ते नीट आले नाहीत तर त्या दिवसाचे सगळे निकाल बाद. खोटे पॉझिटिव्ह बहुतेक लायसोझाइमसारख्या नैसर्गिक पदार्थांमुळे, यकृत आणि मूत्रपिंडात जास्त. रस ८० अंशांवर १० मिनिटं तापवून पुन्हा लावा: वर्तुळ गेलं तर लायसोझाइम, राहिलं तर औषध. कोणतं औषध याचा अंदाजही तिथेच येतो. पेनिसिलिनेज घातल्यावर वर्तुळ नाहीसं झालं तर बीटा-लॅक्टम, पॅरा-ॲमिनोबेंझोइक ॲसिड घातल्यावर गेलं तर सल्फा.

पण ब्रॉयलरसाठी चार प्लेट पुरत नाहीत हे स्पष्ट सांगतो. क्विनोलोनला त्या आंधळ्याच आहेत, आणि आपल्याकडे एन्रो तर हवाच. त्यासाठी ई. कोलायची पाचवी प्लेट लावा. टेट्रासाठी बॅसिलस सीरियसची पीएच ६ ची प्लेट सबटिलिसपेक्षा तीक्ष्ण. जिओबॅसिलसवाल्या तयार कुप्या मिळतात, ६४ अंशांवर तीन-साडेतीन तासांत जांभळ्याच्या पिवळ्या होतात (न झाल्या तर औषध). झटपट आहेत, पण क्विनोलोनच्या बाबतीत तिथेही तीच बोंब.

नमुनेदार

आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांना कोणतीही प्लेट लावू नका. या औषधांवर बंदी आहे, चालेल अशी मर्यादाच नाही. युरोपीय संघाने नोव्हेंबर २०२२ पासून कारवाईची पातळी क्लोरॅम्फेनिकॉलला ०.१५ आणि नायट्रोफ्युरानच्या मेटाबोलाइटना ०.५ मायक्रोग्रॅम/किलो केली. त्या पातळीला जंतू ढिम्म हलत नाहीत.

नायट्रोफ्युरानबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे चूक करणारे सगळ्यात जास्त. मूळ औषध पक्ष्याच्या शरीरात काही तासांत संपतं. मांसात मूळ फ्युराझोलिडोन शोधणं म्हणजे गेलेल्या पाहुण्याला दारात शोधणं. उरतो तो मेटाबोलाइट, प्रथिनांना चिकटलेला: फ्युराझोलिडोनचा एओझेड, फ्युराल्टाडोनचा एएमओझेड, नायट्रोफ्युरँटॉइनचा एएचडी, नायट्रोफ्युराझोनचा सेमिकार्बाझाइड. आम्लाने सोडवायचा आणि सुटताक्षणी २-नायट्रोबेंझाल्डिहाइडने बांधायचा, कारण नुसता तो इतका लहान आहे की एमएसमध्ये धड दिसत नाही.

१ ग्रॅम कीमा, ४ मिली पाणी, १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिड ०.५ मिली, ५० मिलिमोलर नायट्रोबेंझाल्डिहाइड (डीएमएसओमध्ये, २० मिलीत १५१ मिग्रॅ) १५० मायक्रोलिटर. ३७ अंशांवर रात्रभर, १६ तास, अंधारात, हलवत. सकाळी ०.१ मोलर डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ५ मिली, ०.८ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ०.४ मिली. पीएच ७ ते ७.५. प्रत्येक नळीत पीएच पट्टी बुडवा, मांसाची बफर क्षमता नमुन्यागणिक वेगळी. मग एथिल ॲसिटेट ५ मिली दोनदा, ४५ अंशांखाली नायट्रोजन, ०.५ मिलीत उचलणं, हेक्झेनने चरबी काढणं. इथे इमल्शन झालं तर जोर करू नका, थंड सेंट्रीफ्यूजमध्ये पुन्हा फिरवा.

ट्रान्झिशन (पूर्वज आयन → तुकडे): एओझेड २३६→१३४ आणि १०४, एएमओझेड ३३५→२९१ आणि २६२, एएचडी २४९→१३४ आणि १०४, सेमिकार्बाझाइड २०९→१६६ आणि १९२. प्रत्येकाला स्वतःचं आयसोटोप स्टँडर्ड हवंच, आणि ते आम्ल घालायच्या आधी टाकायचं.

दोन सापळे. पहिला: स्पाइक करून रिकव्हरी छान येते, कारण तुम्ही टाकलेला एओझेड मोकळा आहे आणि आयसोटोप सगळं सावरून घेतो. प्रथिनांना चिकटलेला सुटला की नाही हे त्यातून कळतच नाही. त्यासाठी औषध खाल्लेल्या पक्ष्याचं खरं मांस संदर्भ म्हणून लागतं. दुसरा: सेमिकार्बाझाइड सापडलं म्हणजे नायट्रोफ्युराझोन दिलं असं नाही. हायपोक्लोराइटने धुणं, ब्रेडक्रम्बवालं आवरण, ॲझोडायकार्बोनामाइडने फुगवलेलं झाकणाचं गॅस्केट, यातूनही ते येतं. नगेटसारख्या नमुन्यात आवरण खरवडून आतलं मांस वेगळं तपासा आणि आधी थंड मेथॅनॉलने तीनदा धुवून फक्त चिकटलेला भाग मोजा.

ओझरता

पण मग एलायझा (अँटिबॉडीवर चालणारी रंगाची चाचणी)? नायट्रोफ्युरानला किट्स मिळतात.

नमुनेदार

मिळतात. पण किटमधली अँटिबॉडी नायट्रोबेंझाल्डिहाइडने बांधलेल्या एओझेडविरुद्ध असते, त्यामुळे ती १६ तासांची रात्र एलायझातही सुटत नाही. वेळ वाचतो तो यंत्रावरचा. गार प्लेटच्या कडेच्या आणि मधल्या विहिरी सारख्या वेगाने तापत नाहीत, म्हणून अभिकर्मक आणि प्लेट दोन्ही तासभर खोलीच्या तापमानाला आणून मगच सुरू करा. चरबीचा अंश राहिला तर रंग उतरतो आणि खोटा पॉझिटिव्ह येतो. पॉझिटिव्ह आल्यावर अहवाल एलायझाच्या जोरावर पाठवू नका.

शेपटीवाला_पीक

अहवालावरून आठवलं. टिपूस, एन्रो आणि सिप्रो वेगवेगळे छापू नका. सिप्रो हा एन्रोचाच मेटाबोलाइट, मर्यादा बेरजेला लागते. युरोपात कोंबडीच्या मांसाला ती १०० मायक्रोग्रॅम/किलो. एन्रो ९४ आणि सिप्रो १५ आलं तर दोन्ही सुटे पास दिसतात, बेरीज १०९. आता लगेच नापास? नाही. तुमच्या पद्धतीचा सीसी-अल्फा (मोजमापातली अनिश्चितता धरून नापास म्हणता येणारी पातळी) ११३ असेल तर १०९ ला नापास म्हणता येत नाही. तसंच ऑक्सिटेट्रा, क्लोरटेट्रा आणि टेट्रा यांच्या आकड्यात ४-एपिमर (त्याच रेणूची रचना एका जागी उलटलेलं रूप) मिळवायचा. डॉक्सीला तो नियम नाही. एपिमर पीएच २ ते ६ मध्ये नमुना ठेवल्यावरही बनतो, म्हणजे तयार व्हायल रात्रभर ऑटोसॅम्प्लरमध्ये राहिली तर एपिमर वाढलेला दिसतो. ट्रे १० अंशांखाली ठेवा.

ओळख पटवायचे निकष २०२१ च्या ८०८ क्रमांकाच्या युरोपीय नियमात आहेत: आयनांचं गुणोत्तर ४० टक्क्यांच्या आत, बंदी असलेल्या औषधाला ओळखीचे किमान ५ गुण. एलसीचा १, पूर्वज आयनाचा १, दोन तुकड्यांचे दीड-दीड, झाले ५. म्हणून बंदीच्या औषधाला एका ट्रान्झिशनवर पॉझिटिव्ह म्हणणारा अहवाल टिकत नाही.

टिपूस

तीन संच लावले. मॅट्रिक्स इफेक्ट डॉक्सीला ६१ टक्के, म्हणजे शेपटीवाले म्हणाले तसं दोन्ही बाजूंनी मार होता. ईडीटीए आधी, मीठ बंद, प्लास्टिक नळी, अर्धा मिलीवर थांबणं: कच्च्या एरियावर डॉक्सी ८२, ऑक्सिटेट्रा ७४. पण एक राहिलं. ब्लँक म्हणून घेतलेल्या कोंबडीत डॉक्सीचा बारीक पीक येतोय, ३ ते ४ मायक्रोग्रॅम/किलोच्या आसपास.

उंबराची_काठी

बाजारातल्या कोंबडीकडून ब्लँक मागितला की हेच मिळतं. आधी नुसत्या सॉल्व्हंटचं इंजेक्शन द्या, पीक तरीही आला तर कॅरीओव्हर (आधीच्या नमुन्यातलं यंत्रात उरलेलं औषध) आहे. सुईचं धुणं मेथॅनॉल आणि ०.१ टक्का फॉर्मिकचं करा. नाही आला तर पीक मांसातलाच. दुसऱ्या दुकानाची कोंबडी आणून उपयोग नाही, ज्याच्या खाद्याची आणि औषधाची नोंदवही बघायला मिळेल असा पक्षी लागतो. मांस काढताना हाडाचा तुकडा येऊ देऊ नका, टेट्रासायक्लिन हाडातल्या कॅल्शियममध्ये साठून राहतं आणि कीम्यात हाडाची भुकटी गेली की आकडा फुगतो. छातीची फक्त मधली पट्टी, सुकी बर्फ घालून दळलेली, १० ग्रॅमच्या पुड्या करून उणे ८० ला. एकदा वितळलेली पुडी परत गोठवायची नाही.